सगळं ठीक होतं म्हणे, पण कुणाचं?

गोष्ट सुरू होताना 'सगळं कसं छान चाललं होतं' असं जे दाखवतात ना, मी हल्ली तिथेच पॉज करते आणि विचारते, कुणाचं छान चाललं होतं? एवढा एक प्रश्न विचारला की मास मीडियाच्या पोरांना परीक्षेपुरती पाठ करावी लागणारी नॅरेटिव्ह थिअरी, म्हणजे गोष्ट कशी रचली जाते त्याचा अभ्यास, एकदम कामाची होते, आणि अडीच-तीन तासांचा सिनेमा असो की चार मिनिटांचं गाणं, आत काय चाललंय ते दिसायला लागतं. याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

थिअरीवाली मंडळी थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी हे कधी शिकलं नाही त्यांनाही वाचता यावं. त्झ्वेतान तोदोरोव्ह हा साहित्याचा अभ्यासक, जन्म बल्गेरियातला, काम सगळं पॅरिसमध्ये. त्याचं म्हणणं असं की गोष्ट म्हणजे एक संतुलन असतं, मग काहीतरी येऊन ते मोडतं, मोडल्याचं लोकांच्या लक्षात येतं, ते दुरुस्त करायची धडपड होते, आणि शेवटी नवं संतुलन येतं. नोट्समध्ये हे पाच बाण काढून दिलेलं असतं आणि पोरं ते बाण कुठल्याही सिनेमाला चिकटवून मोकळी होतात. पण त्यातला खरा महत्त्वाचा भाग सुटतो तो हा, की शेवटचं संतुलन पहिल्यासारखं दिसलं तरी ते पहिलं नसतं. मधे जे झालं ते पुसलं जात नाही. हे ध्यानात नसेल तर पाच बाणांचा काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. श्रावणात आजी वाचायची त्या कहाण्या आठवा, आटपाट नगर होतं इथून सुरू आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण इथे शेवट, मधे कुणीतरी उततं, मातं, घेतला वसा टाकतं आणि सगळं जातं, मग परत वसा घेतला की सगळं परत येतं. तोदोरोव्हचे पाचही टप्पे त्यात जसेच्या तसे. पण शुक्रवारची कहाणी काढून बघा. त्यात बहीण दरिद्री, भाऊ श्रीमंत, भाऊ गावजेवण घालतो, बहिणीला बोलावणंच नाही, ती आपली पोरं घेऊन जाऊन पंगतीत बसते आणि भाऊ तिला सगळ्यांसमोर हाताला धरून उठवतो. पुढे व्रताने तिला बरे दिवस येतात आणि तोच भाऊ तिला मानाने जेवायला बोलावतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने काढून पाटावर ठेवते आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून त्या दागिन्यांवर ठेवत जाते, कारण तिच्या मते बोलावणं दागिन्यांना आहे, तिला नाही. आता भावाच्या घरचं बघितलं तर गोष्टीच्या सुरुवातीला सगळं ठीकच होतं की. रोज पंगती उठत होत्या. कहाणी सांगणाऱ्या बाईने मात्र गोष्ट भावाच्या ओसरीवरून सांगितली नाही, बहिणीच्या बाजूने सांगितली. त्या एका निवडीने आख्खी कहाणी उभी राहते. माझा प्रश्न आला तो इथूनच, कुठल्या पुस्तकातून नाही.

आता हा प्रश्न घेऊन 'सैराट'कडे या. २०१६ मध्ये आला, सगळ्यांनी बघितला, त्यामुळे शेवट सांगितला म्हणून कुणी रागावणार नाही. पोरांना या सिनेमाला ते पाच बाण लावायला सांगितले की उत्तर येतं ते असं. संतुलन म्हणजे गाव, क्रिकेट, कॉलेज, आर्ची-परश्याचं जमणं. विघ्न म्हणजे घरी कळणं. धडपड म्हणजे पळून जाणं, हैदराबाद. नवं संतुलन म्हणजे संसार, बाळ, आणि मग शेवटी खून म्हणजे परत विघ्न, आणि इथे पोरं अडकतात, कारण बाण संपले आणि सिनेमात पुढे काहीच नाही. मग लिहितात की हा सिनेमा तोदोरोव्हचा नियम मोडतो.

मला वाटतं तो अजिबात मोडत नाही. तो नियम इतका तंतोतंत पाळतो की अंगावर काटा येतो, फक्त ज्याचं संतुलन परत येतं तो माणूस आपण धरलेला नाही. सुरुवातीचा भाग परत बघा. क्रिकेटची मॅच चाललीय, कॉमेंट्री चाललीय, आपण हसतोय, आणि मान कुणाचा तर तात्याचा, म्हणजे आर्चीच्या बापाचा. कॉलेजात नवे आलेले लोखंडे सर वर्गात प्रिन्सला टोकतात, आणि आर्चीचा भाऊ प्रिन्स उठून सरांच्या थोबाडीत मारतो. भर वर्गात. आणि पुढे काय होतं? काही नाही होत. कुणी प्रिन्सला जाब विचारत नाही, गाव चालू राहतं, कॉलेज चालू राहतं, प्रेमाची गोष्ट चालू राहते. तो सीन सगळ्यांच्या लक्षात राहतो पण त्याला गोष्टीतलं विघ्न कुणीच म्हणत नाही, आणि नेमकं हेच सगळं सांगून जातं, कारण मास्तरला मार बसणं ही त्या गावात गडबड नाहीच आहे. ती व्यवस्था आहे. नागराज मंजुळेंनी सुरुवातीलाच आपल्याला दाखवून ठेवलंय की इथे 'ठीक' म्हणजे काय.

मग त्या बाजूने बाण काढा. संतुलन म्हणजे पाटलांचा शब्द चालणं. विघ्न म्हणजे पाटलाची पोरगी पारध्याच्या पोराबरोबर पळून जाणं. विघ्न लक्षात येणं, म्हणजे अब्रू गेली, राजकारणात किंमत उतरली. दुरुस्तीची धडपड म्हणजे शोधाशोध, मारामाऱ्या, पोलीस स्टेशन. आणि नवं संतुलन म्हणजे शेवटी खून होतो ती खोली. पाच टप्पे पूर्ण, एकही सुटलेला नाही. म्हणजे आपण सिनेमाभर ज्याला संसार उभा राहणं समजत होतो, ते परश्याचं डोशाच्या गाडीवर काम करणं, आर्चीचं कारखान्यात जाणं, तेलुगू शिकणं, भांडणं, तिचं निघून जाणं आणि परत येणं, स्कूटर, नवं घर बघणं, हे सगळं त्यांच्या गोष्टीतलं नवं संतुलन आणि त्याच वेळी तात्याच्या गोष्टीतलं न मिटलेलं विघ्न. एकाच पडद्यावर दोन गोष्टी चालू होत्या आणि आपल्याला एकच दिसत होती. म्हणून तो शेवट इतका लागतो, असं माझं म्हणणं. नुसता धक्का म्हणून लागत नाही, धक्के काय कुठल्याही सिनेमात असतात.

तो शेवटचा भाग मी पोरांबरोबर पुन्हा पुन्हा थांबवून बघितलाय. आर्ची दारात रांगोळी काढतेय, आणि भाऊ माणसं घेऊन येतो, आईने पाठवलेल्या वस्तू आणल्यात. त्याआधी तिचं आईशी फोनवर बोलणं झालेलं, म्हणजे तुटलेला धागा तिने स्वतःच जोडायला घेतलाय. पाहुण्यांना चहा. आता या सगळ्या खुणा बघा, रांगोळी, माहेरची साडी, चहा, भाऊ दारात. मराठी घरात यातली एकेक गोष्ट म्हणजे समेट, आता सगळं नीट झालं. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने गोष्ट वाचायचे पाच संकेत सांगितलेत त्यातला एक सांस्कृतिक संकेत, म्हणजे त्या समाजाला न सांगता कळणाऱ्या गोष्टी. इथे दिग्दर्शकाने तो संकेत पुरेपूर वापरलाय. आपण मराठी असल्यामुळेच आपला विश्वास बसतो की भाऊ माहेरपण घेऊन आलाय. ज्याला ही रांगोळी-साडी कळत नाही त्याला ते दृश्य नुसतंच हळू वाटेल. मग शेजारीण पोराला घेऊन येते आणि पुढचं सगळं आवाजाशिवाय. ज्या सिनेमाचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलं, त्याचा शेवट मुका आहे.

हिंदीत २०१८ ला 'धडक' आला तेव्हा शेवट बदलला. तिथे नवरा आणि मूल जातं, बायको जिवंत राहते. बऱ्याच जणांनी यावर लिहिलं तेव्हा कोणता शेवट जास्त भयंकर याचीच चर्चा जास्त झाली. माझ्या मते फरक भयंकरपणाचा नाहीच. 'सैराट'मध्ये मूल उरतं, आणि ते मूल म्हणजेच पाटलांच्या हिशोबातली न मिटणारी बाकी आहे, दोन्ही घरांचं रक्त एकत्र असलेलं. म्हणजे तात्याला वाटलं सगळं परत जागच्या जागी आलं, पण नाही आलं. तोदोरोव्ह म्हणतो दुसरं संतुलन पहिल्यासारखं कधीच नसतं, ते असं. 'धडक'मध्ये ती बाकीच मिटवून टाकली आणि एक शोक करणारी मुलगी उरली, त्यामुळे दुःख उरलं, प्रश्न नाही उरला. मला तो बदल पटत नाही.

आता प्रॉप. व्लादिमीर प्रॉप हा रशियन, १९२८ मध्ये त्याने शंभर रशियन परीकथा घेऊन त्या उकलून दाखवल्या आणि म्हणाला की वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी आतून या एकतीस घटनांच्या माळेतूनच बनतात, सगळ्या असतीलच असं नाही पण असतील त्या त्याच क्रमाने. आणि माणसं सात प्रकारची, नायक, खलनायक, काहीतरी जादूची वस्तू देणारा दाता, मदतनीस, राजकन्या आणि तिचा बाप, नायकाला कामगिरीवर पाठवणारा, आणि तोतया नायक. इथे एक गोष्ट लोक चुकवतात. प्रॉपसाठी हे सात म्हणजे सात माणसं नव्हेत, सात कामं आहेत. एक माणूस दोन कामं करू शकतो, एक काम दोघांत वाटलं जाऊ शकतं. हे लक्षात घेतलं की आर्ची कळते. परश्याला नायक आणि आर्चीला राजकन्या असं लेबल लावलं की पुढे सगळं फसतं, कारण बुलेट ती चालवते, ट्रॅक्टर ती चालवते, मित्रांना सोडवायला पिस्तूल ती उचलते. राजकन्येच्या जागेवर जन्मलेली मुलगी नायकाचं काम करते. तिच्या बापाला खरं झोंबतं ते हेही असणार. आणि परश्याचे मित्र लंगड्या आणि सल्या हे मदतनीस, परीकथेत मदतनिसाला शेवटी काहीतरी मिळतं, इथे त्यांना मार मिळतो. सुमन अक्का तेवढी शुद्ध दाता, अनोळखी शहरात रात्री भेटणारी आणि काही न मागता छप्पर देणारी.

याच दिग्दर्शकाचा आधीचा 'फँड्री' मला प्रॉपसाठी जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यात जादूची वस्तू खरोखरची आहे. गावाने खालच्या मानलेल्या जातीतल्या शाळकरी जब्याला काळी चिमणी हवीय. तिला जाळून राख करायची आणि त्याला आवडणाऱ्या शालूवर टाकायची म्हणजे शालू वश होणार, असं चंक्याने सांगितलेलं. परीकथेत नायकाला जादूची वस्तू मिळतेच, एखादी परीक्षा पास करावी लागते इतकंच. जब्या आख्खा सिनेमाभर गलोल घेऊन त्या चिमणीच्या मागे आहे आणि ती त्याला मिळत नाही. गोष्टीचा आकार परीकथेचा ठेवलाय आणि आत जात बसवलीय, आणि जात त्या आकाराला शेवटापर्यंत पोचू देत नाही. प्रॉपच्या मांडणीत गोष्ट दोन प्रकारे पेटते, एक तर कुणी दुष्टपणा करतो किंवा कुणाला काहीतरी कमी असतं. जब्याच्या गोष्टीत दुष्ट असा एक माणूस दाखवताच येत नाही. हसणारी पोरं, बघणारं गाव, डुक्कर पकडायला सांगणारे लोक, सगळे मिळून ते काम करतात. सात कामांपैकी खलनायकाचं काम आख्ख्या गावात वाटलं गेलंय.

आणि इथे सुरुवातीचं संतुलन कुठे आहे? नाहीच. जब्याच्या घरासाठी 'सगळं ठीक होतं' असा दिवस सिनेमात नाही, बहुतेक त्याच्या बापाच्या, आजाच्या आयुष्यातही नसेल. डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर निघून जातं. मग शेवटी मेलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र. हे दृश्य वर्गात दाखवलं की मी काही बोलत नाही, पोरंच बोलतात. लेव्ही-स्त्रॉस या मानववंशशास्त्रज्ञाच्या जोड्या, म्हणजे गोष्ट दोन विरुद्ध गोष्टींच्या ताणावर उभी असते हे म्हणणं, त्या एका फ्रेममध्ये सगळ्या वर्गाला कळतं, वेगळं शिकवावं लागत नाही. आणि शेवटचा दगड कॅमेऱ्याकडे येतो. म्हणजे ज्याचं संतुलन आत्तापर्यंत ठीक होतं तो कोण, तर तिकीट काढून बसलेला मी आणि तुम्ही. विघ्न तिथे सुरू होतं आणि सिनेमा संपतो. तोदोरोव्हचा दुसरा टप्पा शेवटच्या शॉटला आणि तोही पडद्याच्या बाहेर. मला यापेक्षा धाडसी रचना मराठीत तरी आठवत नाही.

म्युझिक व्हिडिओकडे येते, कारण खरी मजा तिकडे आहे आणि तिकडे लोक फार बघत नाहीत. चार मिनिटं. त्यात गायक दिसला पाहिजे, कंपनीला क्लोजअप हवा असतो, कडवं परत परत येतं, कुणाला संवाद नाही. मग पाच टप्पे बसवणार कुठे? म्हणून व्हिडिओवाले सुरुवातीचं संतुलन बहुतेक वेळा दाखवतच नाहीत, ते आपल्या डोक्यातून उसनं घेतात. आपल्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीचा एक तुकडा दाखवला की बाकीचं आपण भरतो. म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविनने १९९२ च्या पुस्तकात व्हिडिओ आणि शब्द यांचं नातं तीन तऱ्हांचं सांगितलंय, चित्र शब्दांचंच चित्रण करतं, किंवा शब्दांत नसलेलं काहीतरी वाढवतं, किंवा शब्दांशी संबंधच ठेवत नाही. मला यातली दुसरी तऱ्हा सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते कारण गोष्ट तिथेच शिरते.

१९९५ चं 'मेड इन इंडिया' घ्या. अलिशा चिनॉय, बिद्दूचं संगीत, केन घोषचं दिग्दर्शन. ज्यांच्या घरी तेव्हा केबल नुकतं आलं होतं त्यांना तो राजवाडा अजून डोळ्यासमोर असेल. राणी बसलीय, जगभरातून पुरुष येतायत, तिला कुणी पसंत नाही, आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण. हे स्वयंवर आहे, आणि स्वयंवर आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही, म्हणूनच सुरुवात वगळता आली. पण प्रॉपचा नकाशा ठेवून बघा काय केलंय ते. परीकथेत राजकन्या हे बक्षीस असतं आणि नायक परीक्षा देतो. इथे पुरुष बक्षीस आहे, तोही पॅक होऊन आलेला. बंद खोकं म्हणजे बार्थचा कोड्याचा संकेत, आत काय आहे हे कळेपर्यंत बघणारा हलत नाही. आणि परत तोच प्रश्न, संतुलन कुणाचं? १९९१ नंतर बाजार उघडलेला, परदेशी माल दुकानात येतोय, आणि गाण्यात परदेशी पुरुष नाकारून देशी माल निवडला जातोय, पण निवडायची पद्धत मात्र अगदी नव्या बाजाराची, समोर मांडा, मी निवडते. म्हणजे अस्वस्थ झालेल्या शहरी मध्यमवर्गाला चार मिनिटांत दोन्ही दिलं, नवं काहीतरी मिळाल्याचा आनंद आणि आपलं काही गेलं नाही हा दिलासा. ते गाणं एवढं चाललं त्यात चालीचा वाटा आहेच, पण या रचनेचाही आहे असं मला ठामपणे वाटतं.

'मन के मंजीरे' त्यानंतर पाच-एक वर्षांनी आलं. शुभा मुद्गल, शंतनु मोइत्राचं संगीत, प्रसून जोशीचे शब्द, 'ब्रेकथ्रू' नावाच्या संस्थेने बायकांच्या हक्कांसाठी आख्खा अल्बमच काढला होता. व्हिडिओत मीता वशिष्ठ ट्रक चालवतेय. अहमदाबादमधल्या एका खऱ्या बाईवर तो बेतलेला, मारझोड करणारा नवरा सोडून जिने गाडी चालवून पोट भरलं. शब्द ऐकलेत तर त्यात ना ट्रक आहे ना नवरा, नुसता मनातला आनंद आहे. गुडविनची दुसरी तऱ्हा हीच, चित्राने शब्दांना गोष्ट दिली. आणि ही गोष्ट कुठून सुरू होते? घरातून निघून गेल्यानंतर. लग्न, संसार, चार भिंती हे जे बाकीच्या सगळ्या गाण्यांत शेवटचं संतुलन असतं ते इथे मागे सोडून आलेली गोष्ट आहे. तिचं संतुलन म्हणजे हातातलं स्टिअरिंग, चालती गाडी. थांबलेलं काहीच नाही. तोदोरोव्हच्या भाषेत संतुलन म्हटलं की आपल्याला काहीतरी स्थिर डोळ्यासमोर येतं, या व्हिडिओने मला पहिल्यांदा दाखवलं की ते धावतं असू शकतं.

बाहेरचं एक उदाहरण घेतल्याशिवाय राहवत नाही. 'आ-हा' हा नॉर्वेचा बँड, 'टेक ऑन मी' हे गाणं, १९८५ चा व्हिडिओ, दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. कॅफेत एक मुलगी कॉमिक वाचतेय, चित्रातला मुलगा डोळा मारतो, पानातून हात बाहेर येतो आणि ती आत जाते. पुढे पाठलाग, हातात पाना घेतलेले दोघं, कागद फाडून तिला बाहेर काढणं, हे सगळ्यांना आठवतं. मला आठवते ती वेट्रेस. ती टेबलाशी येते, मुलगी गायब, बिल तसंच. ती चिडून कॉमिक चुरगळते आणि कचऱ्यात टाकते. तिच्या बाजूने ही गोष्ट एवढीच आहे, एक गिऱ्हाईक पैसे न देता पळालं. आणि तिच्या या एका साध्या, अगदी रास्त कृतीमुळे आतल्या जगात हाहाकार होतो. व्हिडिओमध्ये दुष्ट कोण विचारलं तर सगळे त्या पानेवाल्यांकडे बोट दाखवतात, पण ते तिथे आहेतच, शर्यतीतले प्रतिस्पर्धी म्हणून. आतल्या जगाचा तोल खरा जातो तो हिच्यामुळे, आणि हिला त्याचा पत्ताही नाही. मी पोरांना नेहमी सांगते, गोष्टीतल्या सगळ्यात कमी वेळ दिसणाऱ्या माणसाच्या जागेवरून गोष्ट एकदा सांगून बघा, लगेच कळतं की लेखकाने कुणाला केंद्र केलंय.

शेवटी तो मुलगा तिच्या घरात भिंतींवर आपटून आपटून चित्रातून खऱ्या माणसात येतो, नवं संतुलन, सगळं गोड. पण बँडच्या पुढच्याच व्हिडिओच्या सुरुवातीला तो परत पेन्सिलीच्या रेघांचा होऊ लागतो आणि तिला सोडून पळून जातो. एका गाण्याने दिलेला शेवट दुसऱ्या गाण्याने काढून घेतला. सिनेमाच्या सिक्वेलला हे करायला निदान अर्धा तास लागतो, इथे मिनिटभरात उरकलं.

आणि आता 'झिंगाट', कारण सिनेमा आणि म्युझिक व्हिडिओ यांच्यातला फरक याच्यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही. 'सैराट'ची चारही गाणी पळून जायच्या आधी येतात, पुढे गाणं म्हणून नाहीच, हे आधी लक्षात घ्या. 'झिंगाट' सिनेमात कुठे आहे तर प्रिन्सच्या वाढदिवसाला, पाटलांच्या दारात, पाटलांच्या खर्चाने. परश्या नाचतोय ते त्या घराच्या अंगणात जिथे त्याला एरवी आत जागा नाही. सगळं गाव एकत्र नाचतंय, जात नाही, पैसा नाही, उंच-नीच नाही, असं पाच मिनिटं वाटतं. आणि त्याच रात्री दोघं पकडले जातात. म्हणजे सिनेमाच्या आत हे गाणं म्हणजे विघ्नाच्या अगदी उंबरठ्यावरची जागा, खोटं संतुलन सगळ्यात जोरात दिसतं ती जागा.

युट्यूबवर ते गाणं म्हणून वेगळं बघा. सुरू होतं नाचाने, संपतं नाचाने. पकडले जाणं त्यात नाहीच, त्यामुळे तोदोरोव्ह लावायला गेलं तर दुसरा टप्पाच येत नाही, नुसतं संतुलन, नुसता जल्लोष. आणि तेच गाणं वरातीत, गणपतीत, हळदीत वाजतं, सगळ्या जातीच्या, सगळ्या पक्षांच्या मांडवात. कुणी म्हणेल गाण्याचा अर्थ हरवला. मी तसं म्हणणार नाही. वरातीत नाचणाऱ्याला त्या गाण्यातून हवं असतं ते गाणं त्याला देतं, सगळे एका अंगणात, आणि तेही त्या गाण्यात खरोखरच आहे. फक्त ते कापलेलं आहे, कात्री कुठे चालली ते कळायला हवं.

म्हणून पुढच्या बॅचला मी हेच काम देणार आहे. आपल्या आवडीचं एक सिनेमातलं गाणं घ्यायचं, आधी एकटं बघायचं आणि गोष्ट लिहायची, मग सिनेमात त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा मिनिटं बघायची आणि परत गोष्ट लिहायची, आणि दोन्हींत संतुलन कुणाचं आहे ते नावासकट लिहायचं. तुम्हीही करून बघा आणि कुठलं गाणं घेतलंत ते खाली सांगा, मला लावण्यांची आणि जुन्या तमाशापटांतल्या गाण्यांची उदाहरणं विशेष हवी आहेत, कारण फडावरच्या गाण्यात बघणारे पुढारी आणि नाचणारी बाई एकाच फ्रेममध्ये असतात आणि तिथे हा प्रश्न विचारला तर काय निघेल याची मला फार उत्सुकता आहे.